नऊ वर्षांच्या लेकीला अभिनयात जायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रिय ताई,

माझी लेक नऊ वर्षांची आहे, चौथीत शिकते. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत. लेकीला नाचाची, नकलांची फार आवड. गॅदरिंगमधलं तिचं एकपात्री बघून सगळे म्हणाले, हिला टीव्हीवर पाठवा. मागच्या महिन्यात मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात 'मराठी मालिकांसाठी बालकलाकार ऑडिशन' अशी जाहिरात आली म्हणून आम्ही गेलो. दोन-अडीचशे मुलं होती. लेकीने दोन मिनिटं काहीतरी करून दाखवलं. दुसऱ्याच दिवशी फोन आला, 'तुमची मुलगी सिलेक्ट झाली. पोर्टफोलिओ, ग्रूमिंग आणि आर्टिस्ट कार्ड मिळून ४५ हजार भरा.' जागा धरून ठेवायला म्हणून मी ३ हजार पाठवूनही दिले. मिस्टर म्हणतात, उरलेले पीएफमधून काढू. सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीला हे नको, अभ्यास करू दे. ओळखीचे सांगतात, नाशिकला राहून काही होत नाही, मुंबई गाठा. माझी बहीण कल्याणला असते, तिच्याकडे मी आणि लेक राहू शकतो. खरं सांगू का, लहानपणी मला स्वतःला नाटकात काम करायचं होतं. वडिलांनी करू दिलं नाही. लेकीच्या बाबतीत तसं व्हायला नको. काय करू?

— एक आई, सिडको, नाशिक

ताई,

सगळ्यात आधी, उरलेले ४२ हजार पाठवू नका. आजच 'आम्हाला नको' म्हणून मेसेज टाका. पीएफला तर हातही लावू नका.

या धंद्यात पैसा कुठून कुठे जातो हे एकदा समजून घेतलं, की पुढे कोणी तुम्हाला फसवू शकणार नाही. निर्माता कलाकाराला मानधन देतो. कास्टिंग करणाऱ्याला, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडणाऱ्याला, त्याचे पैसे निर्मात्याकडून मिळतात. मधला कोऑर्डिनेटर असेल तर तो काम मिळाल्यावर, मानधनातून ठरलेली टक्केवारी घेतो. या साखळीत मुलाच्या आईबापाच्या खिशातून काही जायचं कारणच नाही. ऑडिशन देण्यासाठी, निवड झाल्यावर किंवा जागा धरून ठेवण्यासाठी जो पैसे मागतो, त्याचा धंदा मालिकेचा नाही. तो फोटो आणि आशा विकतो.

त्या हॉटेलात तुम्हाला कोणी मालिकेचं नाव सांगितलं का? वाहिनी कुठली, निर्मिती संस्था कुठली, भूमिका काय? खरी ऑडिशन एका ठरावीक भूमिकेसाठी असते. 'आठ ते दहा वर्षांची मुलगी, लांब केस, गावाकडची बोली यायला हवी', असं काहीतरी नेमकं हवं असतं आणि करायला एखादा छोटा सीन देतात. नुसतं 'काहीतरी करून दाखव' म्हणणं, दुसऱ्याच दिवशी सिलेक्शनचा फोन आणि लगोलग 'आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर जागा जाईल' हा तगादा, यावरून ओळखायचं. कार्डाचंही तेच. कार्ड काढलं म्हणून मुलाला काम मिळत नाही.

गेलेले ३ हजार लेखी मागा, व्हॉट्सॲपवरच मागा, म्हणजे नोंद राहील. जाहिरात, फोन नंबर, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. टाळाटाळ झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही अर्ज द्या. लाज वाटून घेऊ नका. तुमच्यासारखे अनेक पालक गप्प बसतात, म्हणून तीच टोळी पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात हॉल भाड्याने घेते.

पैशापेक्षा मला काळजी लेकीची वाटते, कारण तिला तुम्ही सांगून बसला असाल की तू सिलेक्ट झालीस. आता तिला खरं सांगा आणि सरळ सांगा: 'त्या लोकांना फोटो विकायचे होते. त्यांनी सगळ्याच मुलांना सिलेक्ट केलं. तू चांगलं केलंस की नाही, हे त्यांनी पाहिलंच नाही.' नऊ वर्षांच्या मुलीला हे पुरेपूर कळतं. 'बाबांकडे पैसे नाहीत म्हणून राहिलं' असं मात्र चुकूनही सांगू नका, ते ओझं ती कितीतरी वर्षं वाहील.

आता मुद्द्याचं. नाशिकला राहून काही होत नाही, हे तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. ज्या गावातून दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढले, त्या गावात तुम्ही राहता. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदासाचं काम त्यांच्या मुलाने, भालचंद्रने केलं होतं. पुढे नाशिकमधल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतून १९१९ ला 'कालिया मर्दन' आला, त्यात बालकृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, सिडकोतून लांब नाही. एखाद्या रविवारी लेकीला घेऊन जा आणि सांगा की आपल्या देशात अगदी सुरुवातीला सिनेमात काम केलेल्या मुलांपैकी एक मुलगी होती आणि तिचा सिनेमा नाशिकच्या कंपनीने काढला होता. एक फरक ध्यानात ठेवा. त्या दोन्ही मुलांचा दिग्दर्शक त्यांचा बाप होता. मुलाला भूक लागली, झोप आली, तर काम थांबवणारं माणूस तिथेच होतं. आजच्या सेटवर ते माणूस तुम्हाला व्हावं लागेल, त्याबद्दल पुढे लिहिते.

सुरुवात कॅमेऱ्यापासून नको, रंगमंचापासून करा. नाशिकमध्ये उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत बालनाट्य शिबिरं भरतात, वर्षभर मुलांबरोबर काम करणारे गटही आहेत. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिकलाही होत आली आहे. महाकवी कालिदास कलामंदिरात किंवा परशुराम साईखेडकर नाट्यगृहात बालनाट्य लागलं की आधी दोघी प्रेक्षक म्हणून जा. नाटक संपल्यावर लगेच घरी पळू नका. विंगेच्या बाजूला जाऊन दिग्दर्शकाला भेटा, तालमी कुठे होतात, नवीन मुलं कधी घेतात ते विचारा. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेच्या नाशिक शाखेत चौकशी केलीत तर चार नावं कळतील. शिबिराला फी असते, ती वाजवी आहे. शिकवण्याचे पैसे घेणं आणि काम देण्याचे पैसे घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मात्र 'आमच्याकडे शिका, मालिकेत काम देतो' असं कोणी म्हणालं, तर तिथून निघा.

नाटकच का, तर मुलाला त्यात पूर्ण गोष्ट मिळते. मालिकेच्या शूटिंगमध्ये आधी शेवटचा सीन होतो, मग पहिला. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडते तेव्हा समोर आई असेलच असं नाही, कधी कधी समोरची वाक्यं असिस्टंट वाचत असतो. ते जमायला आधी कळावं लागतं की गोष्ट म्हणजे काय आणि या गोष्टीत मी कोण. हे महिनाभराच्या तालमीत आपोआप मुरतं.

एका बालनाट्याच्या तालमीत मी एका मुलाला पाहिलं. काम झाडाचं. दोन्ही हात वर करून उभं राहायचं, वाक्य एकही नाही. त्याचे वडील रोज न्यायला यायचे तेव्हा चेहरा पाडून उभे असायचे, आपल्या मुलाला काहीच दिलं नाही म्हणून. एकदा राजकन्या झालेली मुलगी मधेच अडकली. सगळे स्तब्ध. झाडाने फांदी जराशी खाली केली आणि हळूच तिला पुढचं वाक्य सांगितलं. त्या मुलाला सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ होती, कारण तो रोज उभ्या उभ्या ऐकत होता. अभिनयाची निम्मी विद्या समोरचा काय बोलतो ते ऐकण्यात आहे. घरी आरशासमोर किंवा मोबाइलसमोर ती येत नाही, तिला समोर माणूस लागतो.

तुमची लेक नकला छान करते, त्याचा आनंद आहे. नकलेत कान आणि निरीक्षण दिसतं. पण नकला करणाऱ्या मुलांना मोठी माणसं कौतुकाने बिघडवतात. 'ते मावशीचं करून दाखव', 'तो डायलॉग मार', असं प्रत्येक पाहुण्यापुढे करायला लावतात. मग मुलाला भुवया उडवून, हातवारे करून, मोठ्यांच्या तालात बोलायची सवय लागते. कॅमेऱ्यासमोर ती सवय फार खटकते. कास्टिंगवाल्यांना हवं असतं नऊ वर्षांचं मूल, नऊ वर्षांच्या मुलासारखं बोलणारं. म्हणून पाहुण्यांपुढचे प्रयोग बंद करा आणि तिची बोलीही पॉलिश करायला जाऊ नका. तिला रोज काहीतरी मोठ्याने वाचायला लावा, गोष्टीची पुस्तकं, वर्तमानपत्र, काहीही. सार्वजनिक वाचनालयात तिचं खातं उघडून द्या. मराठी सरळ आणि समजून वाचता येणारं मूल सेटवर सोनं ठरतं, कारण तिथे कागद हातात पडतो आणि दहा मिनिटांत पाठ करावा लागतो.

वर्षभर असं गेलं आणि लेकीची ओढ टिकली, तर कॅमेऱ्याकडे वळा. त्यासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे स्टुडिओत काढलेल्या फोटोंचा संच, लागत नाही. मुलं भराभर वाढतात, तीन-चार महिन्यांत चेहरा बदलतो. नऊ-दहाव्या वर्षी तर कधी दात पडलेला, कधी नवा अर्धवट आलेला. हजारो रुपयांचे फोटो पुढच्या परीक्षेपर्यंत जुने होतात. घरीच खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीपुढे मोबाइलने पाच फोटो काढा: समोरून चेहरा, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा आणि एक हसरा. मेकअप नको, लिपस्टिक तर मुळीच नको, भडक फ्रॉक नको. ओळखीचा व्हिडिओ पाऊण-एक मिनिटाचा: नाव, वय, उंची, शहर, कोणत्या भाषा बोलते, आणि मग एखादी खरी गोष्ट तिच्या शब्दांत. शाळेत काल काय भांडण झालं, असली. सीन पाठवायला सांगितला तर समोरची वाक्यं तुम्ही कॅमेऱ्यामागून सपाट आवाजात वाचा, तुम्ही अभिनय करू नका. आवाज नीट यावा म्हणून पंखा बंद करा. तीन-चार टेकमध्ये जमेल ते पाठवा. विसाव्या टेकला मूल रडकुंडीला येतं आणि ते व्हिडिओत दिसतं.

हल्ली पहिली फेरी बहुतेक वेळा अशा व्हिडिओवरच होते, म्हणून मुंबईला घर हलवायची घाई कशासाठी? अंधेरी-वर्सोव्याकडे आरामनगरसारख्या ठिकाणी रोज ऑडिशन चालतात हे खरं, पण रोज जाऊन रांगेत उभं राहिल्याने मुलांना काम मिळतं असं नाही. प्रत्यक्ष बोलावणं आलं, भूमिका आणि निर्मिती संस्था पडताळून पाहिली, की पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. समृद्धीचा इगतपुरीच्या पुढचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून गाडीनेही सोपं झालंय. बहिणीचं घर अशा दिवशी मुक्कामाला उपयोगी पडेल. पण वडिलांना नाशिकला ठेवून, शाळा तोडून, कामाचा पत्ता नसताना कल्याणला संसार थाटू नका. मग घरातल्या प्रत्येकाचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागतं, हिला काम मिळालं का. नऊ वर्षांच्या मुलीवर घराचा डोलारा टेकवायचा नसतो.

माहिती कुठून मिळते, हेही विचाराल. नाटकाच्या गटातून सगळ्यात खात्रीची मिळते, कारण मराठी मालिका-सिनेमाचे बरेच दिग्दर्शक, लेखक रंगभूमीवरून आलेले असतात आणि मुलं हवी असली की आधी ओळखीच्या नाट्यशिक्षकांना फोन करतात. इन्स्टाग्रामवर कास्टिंगच्या पोस्ट येतात, त्यांतल्या काही खऱ्या असतात. पोस्टमध्ये नाव असलेल्या निर्मिती संस्थेच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून फोन करा आणि विचारा. मुलीचं स्वतःचं खातं काढू नका. तिथे वयाची अट १३ आहे. तुमच्या खात्यावरून टाकाल ते व्हिडिओही गणवेशातले, शाळेचं नाव दिसणारे किंवा घराचा पत्ता कळणारे नकोत.

आणि काम मिळालंच तर? इथे मी जरा विस्ताराने लिहिते, कारण या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे आणि बहुतेक पालकांना तो माहीत नसतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला आपल्याकडे बंदी आहे. कलाकार म्हणून काम करण्याची सवलत २०१६ च्या दुरुस्तीने दिली आहे, पण शाळेचं शिक्षण बुडता कामा नये या अटीवर. २०१७ च्या नियमांत तपशील आहेत. ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची, त्यात पालकांची संमती जोडलेली हवी. मुलाने दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही. दर पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस नेमलेला हवा. अभ्यास तुटू नये याची सोय निर्मात्याने करायची. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत जायला हवेत, जे त्याला सज्ञान झाल्यावर मिळतील. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध, त्याच्या संमतीशिवाय त्याला भाग घ्यायला लावायचं नाही. हेही नियमातच लिहिलेलं आहे.

प्रत्यक्षात मालिकेची शिफ्ट बारा तासांची असते. 'मुलीचा सीन आता लावतो' म्हणत सकाळी नऊचा कॉल (सेटवर हजर राहायची वेळ) दिलेल्या मुलीला संध्याकाळी सहाला उभं करतात. म्हणून करारावर सही करण्याआधीच विचारा: कॉल टाइम किती, सुटका किती वाजता, परवानगीची प्रत दाखवाल का. निर्मात्याच्या वतीने सेटचा कारभार बघणाऱ्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरशी हे गोड बोलून, पण लेखी ठरवा. चांगल्या युनिटला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्यांचं वेळापत्रक सोपं होतं. रात्रीच्या शूटिंगला मी तुमच्या जागी असते तर नाहीच म्हटलं असतं.

पैशाचंही बोलून घ्या. टीव्हीत मानधन अनेकदा ९० दिवसांनी येतं, तेव्हा 'पहिल्या चेकमधून भागवू' असं गृहीत धरून खर्च करू नका. नाशिकहून येण्या-जाण्याचा आणि मुक्कामाचा खर्च कोण देणार, हे मानधनापासून वेगळं लिहून घ्या. जाहिरात असेल तर ती किती काळ आणि कुठे कुठे दाखवणार, आणि तेवढ्या काळात दुसऱ्या कंपनीची जाहिरात करायला बंदी आहे का, तेही बघा. लेकीचं पॅन कार्ड काढा, बँकेत तिचं खातं उघडा. तिने स्वतःच्या कलेवर कमावलेलं उत्पन्न करासाठी तुमच्या किंवा मिस्टरांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, ते तिचंच धरतात. त्या पैशाच्या ठेवीवरचं व्याज मात्र आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या नावे धरलं जातं. एकदा सीएला विचारून घ्या. आणि २० टक्के ही कायद्याची किमान मर्यादा आहे. प्रवासखर्च वजा जाता सगळंच तिच्या नावावर ठेवता आलं तर ठेवा. घरखर्चाला त्या पैशाची सवय लागली, की मुलीला 'मला आता नको' म्हणायची सोय उरत नाही.

सेटवर तिच्यासोबत घरचं एक माणूस कायम हवं, आणि नुसतं आवारात असून भागत नाही, ती नजरेच्या टप्प्यात हवी. कपडे बदलताना, मेकअपच्या खोलीत, व्हॅनिटीत ती एकटी नको. कोणी कितीही मोठं नाव असलं तरी तिला एकटीला 'वाचनाला' किंवा 'लुक टेस्टला' बोलावलं, तर साफ नकार द्या. तिच्याशी वेगळा फोन किंवा चॅट कोणी ठेवणार नाही. तिला शिकवून ठेवा: कोणाचं वागणं किंवा स्पर्श नकोसा वाटला तर शॉट चालू असला तरी 'आई' म्हणून हाक मार, नुकसान झालं तर होऊ दे. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर तिलाही पाठ असू द्या.

मालिकेतल्या 'लीप'बद्दल कोणी आधी सांगत नाही. कथानक दहा वर्षं पुढे जातं आणि लहान मुलीच्या जागी दुसऱ्याच सोमवारी मोठी नायिका दिसते. आठ महिने ज्यांना आई-बाबा-आजी म्हटलं, तो सेट एका दिवसात संपतो. मोठे कलाकार दुसऱ्या कामाला लागतात. मूल घरी येतं आणि त्याला कळत नाही की आपलं काय चुकलं. पहिल्या दिवसापासून तिला सांगत राहा की हे काम कधीतरी संपणार आहे आणि ते संपणं गोष्टीत लिहिलेलं आहे. तिच्या सिडकोतल्या मैत्रिणी, शाळा, गल्लीतला खेळ हे सगळं चालू राहिलेलं असेल, तर परत यायला तिला जागा असते.

म्हणूनच सासूबाईंच्या बोलण्यातला एक भाग मला पटतो. पोरीच्या जातीला नको, हे पटत नाही. अभ्यास नको सुटायला, हे शंभर टक्के पटतं. मुख्याध्यापकांना आधीच भेटा, रजा लेखी मागा, बुडालेला अभ्यास कोण भरून देणार ते वर्गशिक्षिकेशी ठरवा, परीक्षेच्या तारखा निर्मात्याला देऊन ठेवा. १९५३ च्या 'श्यामची आई'त श्याम झालेले माधव वझे त्या एका भूमिकेने घराघरांत पोचले. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही मिळालं. पुढे ते शिकले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, आणि नाट्यसमीक्षक, दिग्दर्शक म्हणून रंगभूमीशी आयुष्यभर जोडलेले राहिले. लहानपणीच्या यशानंतर असंही जगता येतं. सासूबाईंना हे सांगा आणि त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी एका तालमीला त्यांनाच सोबत न्या. नातीला चाळीस मुलांमध्ये शिस्तीत बसलेली, दुसऱ्याचं वाक्य लक्ष देऊन ऐकताना पाहिलं, की त्यांच्या मनातलं भय बरंच निवळेल. लेकीला न्यायचं-आणायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

तुमच्या पत्रात लेकीचं स्वतःचं म्हणणं मात्र कुठेच नाही. तिला नाच आवडतो, नकला आवडतात, लोक म्हणतात टीव्हीवर पाठवा, तुम्हाला वाटतं तिचं राहून जाऊ नये. ती काय म्हणते? कोणी नसताना, घाई नसताना तिला विचारा. 'टीव्हीवर दिसायचंय' असं म्हणाली तर ते या वयात स्वाभाविक आहे, त्यावरून काही ठरवू नका. 'मला पुन्हा तो नाटकाचा वर्ग करायचाय' असं न विचारता म्हणाली, पावसात, कंटाळा आलेला असताना, आवडतं कार्टून सोडून तालमीला निघाली, तर ती ओढ खरी. आणि दोन महिन्यांनी तिने चित्रकलेकडे किंवा कबड्डीकडे मोर्चा वळवला, तर तिला वळू द्या. 'एवढं केलं तुझ्यासाठी' हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. मुलं ते विसरत नाहीत.

ऑडिशनला नकार येणारच, बहुतेक वेळा नकारच येतो, तोही कोणी कळवत नाही. फोनच येत नाही. उंची जास्त भरली, पडद्यावरच्या आईशी चेहरा जुळला नाही, अशी कारणं असतात आणि त्यांत मुलीचा काही दोष नसतो. व्हिडिओ पाठवला की तो विषय घरात बंद करा. 'आला का फोन' हा प्रश्न तिच्यासमोर कोणीही, मिस्टरांनीसुद्धा, विचारायचा नाही.

शेवटी तुमच्याबद्दल. वडिलांनी नाटक करू दिलं नाही हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंत, पण मला वाटतं पत्राची सुरुवात तिथूनच झाली असावी. ती रुखरुख खरी आहे आणि तिला हलकं लेखायचं कारण नाही. फक्त ती लेकीकडून भरून घेऊ नका. तुमचं वय अजून गेलेलं नाही. राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेत नाशिकचे गट दरवर्षी उतरतात. त्यांत बँकेतल्या, शाळेतल्या, घर सांभाळणाऱ्या बायका असतात, तालमी नोकरी-स्वयंपाक उरकून संध्याकाळी चालतात. त्या गटांना मधल्या वयाच्या स्त्री भूमिकांसाठी माणसं कायम कमी पडतात. प्रॉम्प्टिंगपासून, कपडेपटापासून सुरुवात केलीत तरी चालेल. नाट्य परिषदेच्या शाखेत लेकीसाठी विचारायला जाल, तेव्हा तुमच्यासाठीही विचारा.